भंडारा म्हणजे हळद, रंग नव्हे

मा. संपादक,
चंपाषष्ठी जवळ आली की दरवर्षी वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांवर भरपूर लिहून येते. भंडाऱ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि नेमका तोच आता बिघडला आहे.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते षष्ठी हे खंडोबाचे षड्रात्र. मणि-मल्ल दैत्यांनी ऋषींना छळले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले. सहाव्या दिवशी युद्ध संपले. मणी शरण आला, त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला; मल्लाचा संहार केला म्हणून देव मल्लारी. मार्तंड म्हणजे सूर्य, आणि त्याची पूजा हळदीची. घरोघरी घट बसतो, नंदादीप लागतो आणि षष्ठीला तळी भरली जाते.

ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, पैसा, खोबरे आणि भंडारा ठेवायचा. तीन, पाच किंवा सात अशा विषम संख्येने पुरुषांनी ताम्हण धरून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीन वेळा उचलायचे (घरोघरच्या रीतीत थोडा फरक असतो). मग भंडारा कपाळाला लावून खोबरे वाटायचे. हे खोबरे भंडाऱ्यासकट पोटात जाते. ‘केवळ पूजेसाठी’ छापलेली पिवळी पूड इथे चालत नाही, ती एवढ्याचसाठी. तिच्यात मैदा किंवा मक्याच्या पिठाला रंग चढवलेला असू शकतो. मेटॅनिल यलोसारख्या रंगाला खाद्यपदार्थांत मुळीच परवानगी नाही. शिवाय पिठाची पूड ओली झाली की चिकट लगदा होतो. जेजुरी गडाच्या दगडी पायऱ्यांवर त्यात दिव्यांचे तेल मिसळले की पाय सटकलाच म्हणून समजा.

पारख सोपी आहे. पेलाभर पाण्यावर चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. हळद खाली बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. रंगवलेल्या पुडीने पाणी गडद पिवळे होते. पानाला लावायचा चुना चिमूटभर पुडीत कालवला तर हळद लाल होते. पण थोडी हळद मिसळलेली भेसळही लाल होते, त्यामुळे एकट्या चुन्यावर विसंबू नये. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, रंगाचा तसा सहजी जात नाही.

घरच्या तळीला पाव किलो हळकुंडे पुष्कळ झाली. कडकडीत ऊन देऊन कुटावीत आणि वस्त्रगाळ करावीत. ओल राहिली तर गाठी होतात आणि भंडारा उधळताना ढेकळासारखा पडतो. खोबऱ्याची वाटी फोडल्यावर आधी वास घ्यावा, खवट असेल तर बाजूला काढावी. तुकडे लहान करावेत. उधळणीत अख्खी वाटी डोक्यात बसली की मोठी इजा होते.

जेजुरीत सोमवती अमावास्येला, चैत्र-पौष-माघ पौर्णिमेला भंडाऱ्याची उधळण असते, तेव्हा हा प्रश्न काही एका दिवसाचा नाही. अन्न व औषध प्रशासनाने यात्रेच्या आठवडाभर आधी दुकानांतले नमुने घ्यावेत. यात्रा सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत माल संपलेला असतो. ‘भंडारा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर घटक छापणे सक्तीचे करावे, आणि हळद नसलेल्या पुडीला ते नाव लावूच देऊ नये.

– एक वाचक, सासवड