‘केमिकल फ्री’पेक्षा लेबल वाचा

‘लग्नसराईसाठी केमिकल फ्री मेकअप’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. हेतू चांगला आहे. पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे त्यातील गृहीतक पटत नाही. पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलेना या खनिजापासून बनतो. हे खनिज म्हणजे शिशाचे सल्फाइड, आणि शिसे विषारी. ते पूर्णपणे नैसर्गिक असले, तरी लहान मुलांच्या डोळ्यांत मुळीच घालू नये. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हाही गुण नव्हे. पाणी असलेले फाउंडेशन किंवा कोरफडीचे जेल त्याशिवाय नागपूरच्या ४५ अंशांत लवकर नासते, आणि तेच बोट पुन्हा पुन्हा डबीत गेले की आणखी लवकर.

खरी पारख खोक्याच्या मागच्या बाजूला होते. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी तिथे असायलाच हवी. आयात मालावर आयातदाराचा पत्ताही. गोरेपणाच्या क्रीमवर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ लिहिलेले असेल, तर ते विषारी पाऱ्याचेच संयुग. घटकांची यादी नसलेली क्रीम सीताबर्डीत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पुढच्या पुरवणीत अशा एका लेबलचे मोठे, वाचता येईल असे छायाचित्र छापावे, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर