नंद्या, ती सात पानं हरवली नव्हती

सांगली, ५ जुलै २०२०

प्रिय नंद्या,

पुरानंतर तुझा फोन आला होता, तेव्हा ‘सविस्तर लिहितो’ म्हणालो. त्याला अकरा महिने होत आले. रागावला असशील. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आमचं बरं आहे. आईची बीपीची गोळी बदलली, माझी शुगर जिथं होती तिथंच आहे. तुमच्या ॲरिझोनातले कोरोनाचे आकडे रोज बघतो, काळजी वाटते. वहिनींना सांग, किराणा दारात आला तरी पिशव्या धुऊनच घ्या.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात, ९ जूनला, आपल्या ‘बिल अँड टेड’ सिनेमाच्या तिसऱ्या भागाचा, ‘बिल अँड टेड फेस द म्युझिक’चा ट्रेलर आला. तू पाहिला असशीलच. मी पहिल्यांदा माडीवर उभ्या उभ्या मोबाइलवर बघितला, मग खाली येऊन लेकीच्या लॅपटॉपवर. दुसरा भाग १९९१ चा. एकोणतीस वर्षांनी ही दोन पोरं पुन्हा समोर, आणि आता ती पोरं नाहीत. कियानू रीव्ह्ज पंचावन्न वर्षांचा. दाढी काढून पुन्हा टेड झालाय, पण डोळ्यांखालचं वय काही दाढीबरोबर उतरलेलं नाही. बिल झालेल्या ॲलेक्स विंटरचं तोंड उघडलं आणि मला तुमच्या वाड्यातला भाड्याचा व्हीसीआर आठवला. एका रात्रीत चार कॅसेटी, त्यातली तिसरी याच्या पहिल्या भागाची. बाब्या झोपला होता, आपण दोघंच जागे. काळातून प्रवास करणारा तो फोन बूथ आभाळातून धाडकन खाली आला आणि तू म्हणालास, “मर्दा, आपला पिवळा पीसीओ!”

गोष्ट तुला ठाऊक आहे. जगाला एकत्र आणणारं गाणं हे दोघं लिहिणार असं भविष्यातल्या लोकांनी सांगून ठेवलेलं. आता बायका आहेत, वयात आलेल्या लेकी आहेत, आणि गाणं काही झालेलं नाही. मग त्यांना सुचतं की पुढच्या काळात जाऊ, तिथं आपण ते लिहिलेलंच असेल, तिथून उचलून आणू. ही चोरी नाही का, असं एक विचारतो. दुसरा म्हणतो, स्वतःकडूनच घेतलं तर चोरी कसली?

लेक खळखळून हसली. मला हसू आलं नाही, छातीत चर्र झालं.

नंद्या, आपल्या एकांकिकेचा शेवटचा प्रवेश बाब्यानं हरवला नव्हता. ती सात फुलस्केपं मी घेतली होती, त्याच्या पिशवीतून, मिरजेला जायच्या आदल्या रात्री. आणि ती आजही माझ्याकडे आहेत.

पहिल्या भागाला आपण कार्बन लावून तीन प्रती केल्या होत्या. शेवटाची एकच प्रत होती, कारण तू तो एका बैठकीत पहाटेपर्यंत लिहिलास. मला तू तो सकाळी चहावर वाचून दाखवलास. तोपर्यंत आपलं सगळं हसण्यावारी चाललं होतं. दोघं जण गॅदरिंगला गाण्यासाठी बालगंधर्वांना आणायला निघतात, आणि पीसीओवाले काका म्हणतात, “भूतकाळ लांबचा आहे पोरांनो, रात्री उशिरा या, पाव दर लागेल.” मीटरवर लाल आकडे पळतात, ते रुपये नसतात, वर्षं असतात. ती तुझी कल्पना, आणि ती मला आजही आपल्या सबंध लिखाणात सगळ्यात जास्त आवडते. सुट्ट्या पैशांवरून काका आणि संगीत नाटक मंडळीचा मॅनेजर भांडतात तो प्रवेश माझा. तो लांबला होता असं तू म्हणायचास. लांबला नव्हता. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही.

पण तू शेवट असा केलास की १९२१ सालच्या संयुक्त मानापमानाला दोघं पोचतात. एकाच रंगमंचावर बालगंधर्व आणि केशवराव भोसले, आणि त्यातला एक तिथंच थांबतो. म्हणतो, मला इथं जागा मिळाली, तू जा. दुसरा एकटा परत येतो. बूथ रिकामा, रिसीव्हर वायरीला लोंबकळतोय, आणि त्यातून ऑर्गनचा बारीक सूर. पडदा.

मी म्हणालो, लोक रडतील, आपण विनोदी लिहितोय. तू म्हणालास, हसवून रडवलं तरच खरं. त्यावरून आपण गच्चीवर तासभर भांडलो. खरं कारण मी सांगितलंच नाही. त्याच आठवड्यात तुझं अमेरिकेच्या ॲडमिशनचं पत्र आलं होतं. तू ते टेबलावर ठेवलंस, त्यावर ताटली ठेवून शेव खात बसलास, जणू काही विशेष नाही. थांबणारा कोण आणि एकटा परतणारा कोण, ते मला वाचताक्षणीच कळलं होतं. ते स्टेजवर मला करायचं नव्हतं. पानं नसली की शेव‍ट नाही, शेवट नसला की प्रयोग नाही, असं बावीस वर्षांच्या डोक्यात आलं. तू पुन्हा लिहिशील आणि या वेळी दोघांना परत आणशील अशी आशा होती. तू म्हणालास, “दुसऱ्यांदा नाही लिहिणार.” स्पर्धेची तारीख गेली. तू बाब्याशी जाईपर्यंत बोलला नाहीस. तो मात्र तुला सोडायला मुंबईला विमानतळापर्यंत आला, आणि गर्दीत माझा हात धरून म्हणाला, “मी ठेवली होती रे पानं, आईशप्पथ.” मी म्हणालो, “जाऊ दे.” एवढंच म्हणालो.

गेल्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं तळघर, खालच्या खोल्या, सगळं बुडालं. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. आठ दिवसांनी उघडली तर पानं तशीच, फक्त टाचणी गंजून कोपऱ्यात तांबूस डाग पसरलाय, आणि ओलीनं शाई जरा फुटलीय. पंचवीस वर्षं मी ती उघडून बघितली नव्हती. तेव्हापासून तुला फोन लावायला हात धजावत नव्हता. व्यापाचं कारण सांगितलं ते खोटं होतं.

या सिनेमाचे लेखक ख्रिस मॅथेसन आणि एड सॉलोमन. कॉलेजात इम्प्रोव्ह, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाटक, करता करता त्यांनी ही दोन पात्रं उभी केली, १९८३ च्या सुमारास. पहिला सिनेमा तयार होऊन पडून राहिला, कंपनीच बुडाली, १९८९ मध्ये कसाबसा लागला. तिसऱ्याची पटकथा लिहून दहाएक वर्षं दारोदार फिरले. भविष्यातून येणाऱ्या माणसाचं काम करणारा जॉर्ज कार्लिन २००८ मध्ये गेला, म्हणून त्याच्या पात्राची मुलगी आणलीय. तरी दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. मला त्यांचा हेवा वाटतो रे, मनापासून.

ट्रेलर कसा वाटला म्हणशील तर, मला फार आवडला. तुरुंगात ते स्वतःलाच भेटतात, दंड फुगवलेले, अंगभर गोंदलेले, तिथं मात्र मी मोठ्यांदा हसलो. लेकींना अजून जास्त दाखवायला हवं होतं. आणि एक खटकलं. सगळं फार चकचकीत झालंय. पहिल्या भागातला बूथ बघताना वाटायचं की आपणही सुताराकडून असा करून घेऊ. पण ते दोघं शेजारी उभे राहिले की एकमेकांकडे बघायच्या आधीच एकमेकांचं बोलणं कळतं ना, ते तस्संच आहे. त्याला कुठलं तंत्र लागत नाही.

अरे हो, तुमच्या फीनिक्समधला तो मेट्रोसेंटर मॉल ३० जूनला बंद झाला म्हणे. पहिल्या भागातला मॉल तोच ना? तू तिथून मला फोटो पाठवला होतास, सरकत्या जिन्यावर उभा राहून. पोराच्या कॉलेजचं काय ठरलं? ऑनलाइनच का? नवा मॅनेजर त्रास देतोय म्हणाला होतास, ते निवळलं असेल अशी आशा.

बाब्याला मी काल सांगितलं. मास्क लावून त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो, मध्ये दोरी बांधलेली. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग दोन गिऱ्हाइकं केली, आणि म्हणाला, “नंद्याला लिही आधी.” पुढं एक शब्द नाही. शटर ओढलं आणि आत गेला. आज सकाळी त्याच्या पोरानं घरी अर्धा किलो भडंग आणून दिलं. काय समजायचं, तूच सांग. तो तुझ्या जास्त जवळचा होता.

परदेशी टपाल नीट सुरू झालं की मूळ पानं तुला रजिस्टरनं पाठवीन. ती तुझी आहेत. तोवर फोटो काढून पाठवत नाही, हातात घेऊनच वाच.

तुझा,
बंडू

ता. क. पाचव्या पानावर खाली शाई फुटलीय. एकटा परत आलेला बूथमधून बाहेर येतो, काका मीटरची चिठ्ठी फाडून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “दोघं गेला होतात ना? मग...” पुढची ओळ लागत नाही. भिंगानं बघितलं, उन्हात धरून बघितलं. काय लिहिलं होतंस रे?