घंटागाडी नवी, हौदा जुन्याच हिशेबाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपरिषदेने गेल्या महिन्यात सहा नव्या घंटागाड्या घेतल्या. लोकार्पणाच्या दिवशी गाड्यांना झेंडूचे हार होते, काचेवर फ्लेक्स होता आणि फ्लेक्सवर इतके फोटो होते की ड्रायव्हरला समोरचं दिसत होतं की नाही कोण जाणे. मी एस.टी.च्या कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. गाडी दिसली की खाली वाकून बघायची खोड अजून जात नाही. टाळ्या चालू होत्या तेव्हा मी शेवटच्या गाडीच्या हौद्यात डोकं घालून उभा होतो.

गाड्या बदलायलाच हव्या होत्या, यात वाद नाही. १५ वर्षं झालेल्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवून मिळत नाही, त्यामुळे जुन्यांपैकी दोन तर नुसत्याच आवारात उभ्या होत्या. बाकीच्यांच्या हौद्याचा पत्रा कुजून चाळण झालेला. गाडी चढाला लागली की मागून काळं पाणी गळायचं, आणि शाळेच्या वळणावर त्याच धारेवरून माझी स्कूटर एकदा आडवी झाली. नव्या गाडीत ते पाणी साठवायला खाली टाकी आहे. ज्याने हे सुचवलं त्याचं कौतुकच.

पण हौदा मधोमध दुभागलेला. अर्धा हिरवा, अर्धा निळा. ओला कचरा वजनाला जड आणि जागा थोडी खातो. सुक्याला वजन काहीच नाही, पण चार खोकी आणि दोन थर्माकोलचे तुकडे आले की कप्पा संपला. आमची गल्ली गाडीच्या फेरीत तिसरी लागते. तोवर निळी बाजू काठोकाठ भरलेली असते आणि हिरवी निम्मी रिकामी. हेल्पर काय करणार? पुठ्ठे फावड्याने दाबतो, ते उसळून वर येतात, मग सरळ ओल्यावर टाकतो. बरं, मागचा फाळका एकच आहे. म्हणजे वाटेत वेगळं ठेवलं तरी डेपोवर हायड्रॉलिक उचललं की सगळं एकाच ढिगात. हे सगळं दारात उभी राहून बघितल्यावर आमच्या घरातून जो प्रश्न आला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं : "मग मी दोन दोन डबे घासत कशाला बसू?"

त्यातच १ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू झालेत. २०१६च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार होते. आता चार झाले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर. आमच्या गाड्यांची निविदा प्रशासकांच्या काळात निघाली, नियम नंतर आले, नगरसेवक निवडून येऊन जेमतेम काही महिने झालेत. तेव्हा या सहा गाड्यांचा दोष कोणाच्या माथी मारावा असं मला वाटत नाही. पण अजून चार गाड्या घ्यायच्या आहेत, आणि त्या याच मापाच्या येणार असं कळतं. म्हणून हे पत्र.

सॅनिटरी कचऱ्याचं काय होतं ते सांगतो. माझा नातू दहा महिन्यांचा आहे. दिवसाला पाच-सहा डायपर होतात. सुनेने ते वेगळ्या पिशवीत बांधून दिले, तर हेल्पर पोरगा म्हणाला, "काका, हे कुठं टाकू?" मलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीच्या कडीला खताचं रिकामं पोतं अडकवून आणलं. तेव्हापासून गल्लीतले सगळे डायपर आणि पॅड त्या पोत्यात जातात. दुपारपर्यंत ते इतकं भरतं की शेवटी तो एका हाताने ते छातीशी धरून मागच्या पायरीवर लटकत जातो. हातमोजा एकाच हाताला, दुसरा फाटला म्हणून काढून टाकला म्हणे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी या पुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायला लोकांना शिकवलं. आमच्या घरात तेही सुरू केलंय. (तुमचा अंक सकाळी वाचून झाल्यावरच वापरतो, राग नसावा.) पण पुडीला ठिपका दिला तरी ती ठेवायला गाडीत जागा लागतेच ना.

हे काही अवघड काम नाही. मधलं पार्टिशन वेल्ड न करता चॅनेलमध्ये बोल्टवर बसवा, म्हणजे सणासुदीला, आंब्याच्या दिवसांत, ते सरकवता येईल. एरवी सुक्याला मोठा भाग द्या. दोन्ही कप्प्यांना वेगळा फाळका आणि वेगळी खिटी ठेवा. केबिनच्या मागे झाकणाची पेटी सॅनिटरीसाठी. विशेष काळजीचा कचरा रोज गाडीत हवाच कशाला? तो जमा करायला ठरावीक केंद्र नियमातच सांगितलंय, ते पाण्याच्या टाकीजवळच्या जुन्या जकात नाक्याच्या खोलीत उघडा. आणि हौद्याचा काठ खाली घ्या किंवा पायरी तरी द्या. शेजारच्या आजी बादली डोक्याच्या वर उचलतात आणि निम्मं खरकटं पदरावर घेऊन घरात जातात.

आमच्याच जिल्ह्यातल्या कराडने २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिला नंबर काढला. आमचे आरोग्य निरीक्षक आणि दोन ड्रायव्हर यांना एक दिवस तिकडे पाठवलं तर डिझेल कितीसं लागेल? ड्रायव्हर मात्र नक्की पाठवा. या सहा गाड्या घेताना त्यांच्यापैकी एकालाही विचारलं नव्हतं, हे मला त्यांनीच चहाच्या टपरीवर सांगितलं.

हौद्याचा नकाशा मी मापांसकट वहीच्या दोन कागदांवर काढून नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलावर देऊन आलो आहे. शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक,
जि. सातारा