कुट्टीची पाती तुटेपर्यंत वापरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदानाची कडबा कुट्टी यंत्रं गावोगाव पोचली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण यंत्र आलं की पाती कधी बदलायची, हे कोणी सांगत नाही. बहुतेक गोठ्यांत पातं तुटेपर्यंत किंवा मोटार जळेपर्यंत तेच चालतं. त्यात वैरण, वीज आणि काही वेळा माणसाची बोटं जातात. म्हणून हे पत्र.

‘वर्षाला एक जोडी’ हा हिशेब सोडून द्यावा. हिरवा मका कापणारं पातं आणि रब्बी ज्वारीचा कडबा कापणारं पातं सारखं झिजत नाही. आपल्याकडे ही ज्वारी, म्हणजे शाळू, मुळासकट उपटतात. मुळाला चिकटलेली माती आणि वाळू पात्याला कानशीसारखी घासते. पेंढी यंत्रात घालण्यापूर्वी बुडखे कोयत्याने तोडले, निदान दगडावर आपटून झाडले, तर धार कितीतरी जास्त टिकते. उसाचं वाढं आणि भाताचा पेंढाही धार लवकर खातात, कारण त्यांच्यात सिलिका असते.

पात्याची तब्येत कुट्टीवरून कळते. ओंजळभर कुट्टी पांढऱ्या पोत्यावर पसरून शंभर तुकडे वेगळे काढा. चांगल्या पात्याचा तुकडा दोन्ही टोकांना स्वच्छ कापलेला असतो. बोथट पातं धाट कापत नाही, चेंगरून तोडतं. तुकड्याला सालीचे दोरे लोंबतात, नेपियर गवताच्या कांड्या उभ्या चिरतात, मध्येच वीतभर लांब पान तसंच बाहेर पडतं. शंभरात दहापेक्षा जास्त तुकडे असे निघाले की यंत्र थांबवावं, हा माझा ठोकताळा आहे. अशी कुट्टी जनावर निवडून खातं आणि गव्हाणीत चघळ, म्हणजे उरलेली वैरण, वाढते. मुरघासात, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात, तर नुकसान दुप्पट, कारण लांब तुकडे नीट दाबले जात नाहीत, आत हवा राहते आणि बुरशी धरते.

दुसरी खूण मोटारीची. नवी पाती बसवल्या दिवशी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवायच्या मीटरने) करंट मोजून आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तोच चारा, तेवढाच घास आणि करंट वाढलेला दिसला, पट्ट्याला जळका वास येऊ लागला, की आधी पाती बघा. मात्र व्होल्टेज पडलेलं असतानाही करंट वाढतो, म्हणून तेही तपासा.

तरीही लगेच नवी पाती घ्यायची घाई नको. बहुतेकांची नजर चुकते ती चाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या स्थिर पट्टीवर. पातं आणि ही पट्टी मिळून कात्री होते. पट्टीची कड काटकोनी हवी. ती गोल झाली की चारा दोघांच्या मध्ये ओढला जातो आणि नवं पातंही चारा चेंगरतं. काही यंत्रांत पट्टी उलटवून दुसरी कड वापरता येते. दोन्ही कडा गेल्या की पट्टी बदलावी, तीही पात्यांच्या आधी. पातं आणि पट्टी यांच्यातली फट साधारण 0.3 ते 0.5 मिलिमीटर ठेवावी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर वहीच्या कागदाची चार पदरी घडी चालते. ती फटीतून अडत अडत सरकली पाहिजे. फट पात्याच्या दोन्ही टोकांना मोजा, कारण एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला जास्त हा प्रकार फार आढळतो. मोजण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढा आणि पाती बसवलेल्या चाकात लाकडी ठोकळा अडकवा. नुसत्या बटणावर विश्वास ठेवू नका.

पट्टी आणि फट ठीक असेल तर धार लावा. फक्त उताराच्या बाजूने, मूळ कोन तसाच ठेवून. सपाट बाजूला दगड लावला की पातं पट्टीपासून लांब जातं आणि फट जुळत नाही. हातग्राइंडर एकाच जागी दाबून धरला तर धारेवर निळसर झाक येते. तिथलं पाणी उतरलेलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलेला असतो. ते पातं आज चकचकीत दिसेल आणि पुन्हा लगेच बोथट होईल. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा.

आता बदलण्याचा निर्णय. नवं पातं चढवण्यापूर्वी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढून ठेवा. पुढे प्रत्येक धारेनंतर पातं त्यावर ठेवलं की किती झिजलं ते दिसतं. बोल्टची लांबट भोकं संपली आणि पातं पट्टीकडे आणखी सरकेना, म्हणजे त्याचं आयुष्य संपलं. बऱ्याच पात्यांत फक्त धारेकडचा पट्टा कडक केलेला असतो. तो संपला की आतलं मऊ लोखंड कितीही घासा, धार धरत नाही. तारेचा किंवा खिळ्याचा खाचा एक मिलिमीटरचा असेल तर घासून जातो. तीन मिलिमीटरच्या पुढचा असेल तर पातं काढावं.

तडा मात्र कुठलाही चालत नाही. बोल्टच्या भोकाभोवती रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडू घासा. तडा असेल तर पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. असं पातं त्याच दिवशी भंगारात टाका. वेल्डिंग करून पुन्हा चढवणं म्हणजे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर लोखंड फेकण्याची तयारी. तुकडा वैरणीत गेला तर तो गायीच्या जाळीपोटातून (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून) हृदयापर्यंत टोचू शकतो.

बदलताना पूर्ण संच बदला. दोनच पाती असली तरी एक नवं, एक जुनं नको. वजनात फरक पडला की चाक थरथरतं आणि बेअरिंग जातं. किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही तोलून घ्या. बोल्टही नवे घ्या, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा दर्जा छापलेले, स्प्रिंग वॉशरसह. आधी चाक हाताने दोन-तीन फेरे फिरवून कुठे घासतंय का बघा. मग पाच मिनिटं रिकामं चालवा, वीज तोडून बोल्ट पुन्हा आवळा.

हात तुटण्याच्या घटनांशीही याचा थेट संबंध आहे. धार नसली की यंत्र चारा ओढत नाही, माणूस पेंढी हाताने रेटतो आणि रोलर एकदम पकडतो. म्हणून कृषी विभागाला विनंती आहे की, अनुदानाच्या प्रत्येक यंत्रासोबत पात्याची किमान रुंदी, फटीचं माप आणि बोल्टचा दर्जा लिहिलेला मराठी पत्रा चाकाच्या झाकणावर ठोकलेला असावा. शिवाय विक्रेत्याने पात्यांचा एक जादा संच आणि स्थिर पट्टी देणं बंधनकारक करावं.

आपला,
एक वाचक, फलटण (जि. सातारा)