आबांची जिल्हा परिषद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१६ फेब्रुवारी, आर. आर. (आबा) पाटील यांचा स्मृतिदिन, जवळ आला की आबांवरचे लेख छापून येतात. दरवर्षी तेच: साधी राहणी, अंजनीचे घर आणि २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतरचे, मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतातच अशा अर्थाचे, ते एक हिंदी वाक्य. माझा जन्म ग्रामसेवकीत गेला, त्यामुळे मला आठवतात ते ग्रामविकास मंत्री आबा.

१९९९ साली ते खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा कुणी ते मलईचे समजत नव्हते. पुढच्याच वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याआधी आम्ही अनुदानाचे संडास वाटायचो. कागदावर सगळे झकास, प्रत्यक्षात आत गोवऱ्या नाहीतर कडबा. अभियानात आधी पैसा नव्हता, होती ती गावागावांतली चुरस. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावक्यांची माणसे, तपासणी समिती येणार म्हणून, एकाच गटारात फावडी घेऊन उतरलेली मी पाहिली. आमचा नंबर तालुक्यातही आला नाही. समिती गेल्यावर सहा महिन्यांत उकिरडे पुन्हा रस्त्यावर आले, हेही सांगितले पाहिजे. पण गोवऱ्या संडासात परत गेल्या नाहीत.

गावची ईर्ष्या अशी कामाला लावणे मंत्रालयात बसून सुचत नाही. आमदार होण्याआधी, १९७९ ते १९९०, आबा जिल्हा परिषदेत होते. सरपंच कशाला भुलतो, बीडीओची (गटविकास अधिकाऱ्याची) सही कुठे अडते, हे तिथेच कळते. २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम गृहमंत्री असताना निघाली खरी, पण डोके ग्रामविकासाचेच होते. गृहमंत्री म्हणून त्यांनी आणलेल्या डान्सबार बंदीचे तसे नाही. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण २००६ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. ज्या बायकांची रोजी गेली त्यांचा विचारही कमीच झाला. गृहखात्याने आबांना मोठे केले म्हणतात. माझ्या मते तिथे त्यांची उमेद खर्ची पडली.

२०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका न होता प्रशासक बसले, ते वर्षानुवर्षे. आबा सदस्य झाले तेव्हा जेमतेम बाविशीचे होते. त्या वयाची आमच्याकडची पोरे या काळात नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक बांधत होती.

पुढच्या लेखासाठी एक विनंती. सांगली जिल्हा परिषदेच्या दप्तरात त्या अकरा वर्षांची इतिवृत्ते असतील. वाळवी लागली नसेल तर आपल्या वार्ताहराने ती एकदा उघडून बघावीत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. सांगली