फिरत्या संघांची नोंद कुठे?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल या मुख्य व्यावसायिक स्पर्धेने २०२४ मध्ये निग्रो लीगची, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांची, आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली आणि तिथला फलंदाज जॉश गिब्सन .३७२ या कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीने आधीचा विक्रमवीर टाय कॉबच्या पुढे गेला. मनापासून आनंद झाला. पण या नोंदी १९२० ते १९४८ पुरत्याच आहेत. रूब फॉस्टरने १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग उभारण्याआधी गावोगाव फिरून पोट भरणारे कृष्णवर्णीय संघ त्यात येत नाहीत. गिब्सनच्या काळातले असे फिरते सामनेही वगळलेलेच आहेत.

कृष्णवर्णीय खेळाडू बड फाउलरचेच पाहा. १८७८ पासून तो गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांतून खेळला. गोरे सहकारी त्याच्यासोबत खेळायला नकार देत, म्हणून त्याला सतत संघ बदलावे लागले. शेवटी त्याने ग्रँट जॉन्सनसह मिशिगनमधल्या एड्रियन गावात 'पेज फेन्स जायंट्स' उभा केला. तारेचे कुंपण बनवणाऱ्या कंपनीचा हा संघ १८९५ मध्ये मैदानात उतरला. हॉटेलांत जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. खेळाडू स्वतःच्या रेल्वे डब्यातच जेवत आणि झोपत. नव्या गावात उतरले की सायकलींवरून मिरवत जात, तेव्हा कुठे प्रेक्षक जमत! फाउलर १९१३ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर १९८७ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता, आणि बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये तो आला २०२२ मध्ये.

धावफलक अपुरे आहेत, हे मान्य. तरी जुन्या वर्तमानपत्रांतून सापडतील तेवढे सामने मेजर लीगने वेगळ्या विभागात तरी छापावेत. आपल्या क्रीडा पानानेही या खेळाडूंवर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक