तलवार वाढवली, धक्क्याचं काय?

संपादक महोदय,

अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामाला गती देणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. गती द्यायला आधी काम चालू असावं लागतं, पण असो. डिसेंबर 2016 चं जलपूजन, ऑक्टोबर 2018 मध्ये शुभारंभाला निघालेली बोट बुडून गेलेला एका तरुणाचा जीव, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडी आदेशानं थांबलेलं काम, हे सगळं वाचकांना पाठ आहे.

बातमीशेजारच्या चौकटीत मात्र पुन्हा उंचीच! मग तिचा हिशेबही छापा. आधी पुतळा 83.2 मीटर, तलवार 38. खर्च कमी करायचा म्हणून 2018 मध्ये पुतळा 75.7 वर आणला, तलवार 45.5 केली. बेरीज दोन्ही वेळा 121.2. महाराज साडेसात मीटरनं खाली आले, तलवार तेवढीच वर गेली आणि 'जगातला सर्वांत उंच' शाबूत राहिला. ज्यानं ही शक्कल लढवली, त्याला मानलं पाहिजे.

एवढी अक्कल स्मारकावर माणसं उतरवायच्या बोटीच्या धक्क्यासाठी लावली असती तर? दिवसाला दहा हजार माणसं धरा. शंभर जणांच्या लाँचला जायच्या शंभर फेऱ्या, यायच्या शंभर. दहा तासांत बसवायच्या तर दर सहा मिनिटांनी एक लाँच लागली पाहिजे. म्हातारीकोतारी, पोरंबाळं उतरवून नवी माणसं चढवायला वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. म्हणजे एका वेळी चार लाँच लागतील एवढी जागा हवी, तीही दोन्ही टोकांना. त्यात मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. नुसत्या पायऱ्या बांधल्या तर ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायरीवरच पाय ठेवावा लागणार. गेटवेला जाऊन बघा. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा, आणि तो टिकायला बाहेरून लाटा अडवणारा बांध. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंदराच्या आडोशानं जातात, तरी पावसाळ्यात तीनेक महिने बंद असतात. स्मारकाची जागा तर राजभवनापासून दीड किलोमीटर आत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या तोंडावर. 3,600 कोटींचं स्मारक वर्षातले किती महिने उघडं राहणार, हे तुमच्या वार्ताहरानं विचारलं का?

खाऱ्या हवेचं तर बोलायलाच नको. मालवणच्या राजकोटावरचा पुतळा डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं पत्र त्याआधी काही दिवस गेलेलं होतं. तिथे उंची होती जेमतेम 35 फूट.

जाता जाता, तुमच्या चौकटीत पुतळा फुटांत आणि चौथरा मीटरमध्ये कशासाठी? बेरीज वाचकांनी करायची का?

– एक वाचक, गिरगाव